आबांच्या फियाटची ठिणगी

आमच्या आबांच्या बॅगेत चार वस्तू कायम असत. स्टेथॉस्कोप, थर्मामीटर, इंजेक्शनच्या सुया उकळायची चपटी डबी आणि फियाट गाडीच्या पॉइंटचा एक कोरा जोड. पहिल्या तीन वस्तू त्या काळी कोणाही डॉक्टरच्या बॅगेत सापडत. चौथी पाहून मात्र रोगी दचकत. ठाकुरद्वारच्या एका आजीबाईंनी तर, “डॉक्टर, हे माझ्या कुठं बसवणार?” असे घाबरून विचारल्याचे आई अजून सांगते.

आबांचा दवाखाना ठाकुरद्वार नाक्याजवळ होता आणि बिऱ्हाड मागच्याच चाळीत. गाडी आली ती १९६६ साली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली होती. कागदोपत्री तिचे नाव ‘फियाट ११०० डिलाइट’; आमच्या चाळीत ती ‘डॉक्टरांची फियाट’. चार सिलिंडर, १०८९ सीसीचे इंजिन, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. चाळीतल्या मुलांनी तिच्या आगमनाप्रीत्यर्थ पेढे मागितले आणि आबांनी ते वाटलेही. पण गाडी मिरवायला घेतली नव्हती. रात्री-अपरात्री व्हिजिटला जायचे तर टॅक्सीच्या भरवशावर राहता येत नसे, म्हणून घेतली होती.

आणि नेमकी अशाच एका रात्री ती दगा देऊन बसली.

१९७४ च्या जुलैतली गोष्ट. परळला एका लहान मुलाला दम्याचा जोराचा झटका आला म्हणून बोलावणे आले. बाहेर पाऊस कोसळत होता. आबा निघाले. हिंदमाताजवळ पाणी साचलेले. त्यातून गाडी कशीबशी पुढे गेली, दोन आचके दिले आणि बंद पडली. आबांनी बॅग डोक्यावर धरली आणि गुडघाभर पाण्यातून चालत निघाले. पोचायला पाऊण तास उशीर झाला. मूल वाचले, पण त्या पाऊण तासात आईच्या मांडीवर ते निळे पडत गेले होते, हे आबांनी डोळ्यांनी पाहिले. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, “औषध बॅगेत होतं. ठिणगी नव्हती.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहा झाला की आबा बॉनेट उघडत. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसत, पॉइंट पॉलिश पेपरने हलकेच घासत आणि फीलर गेजचे पोलादी पाते फटीत घालून गॅप तपासत. डोळे मिटून, नाडी पाहावी तसे.

नळाचा दणका

ही ठिणगी म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी सांगायला हवे. वाचकांपैकी ज्यांनी चाळीत पहाटे उठून पाणी भरले आहे त्यांना हे समजायला पुस्तक नको. नळ पुरता सोडलेला असताना फटकन बंद केला की भिंतीतला पाइप धाडकन हादरतो. वाहते पाणी एकदम अडवले की ते दणका देते. आणि नळ जितका चटकन बंद कराल तितका दणका मोठा.

तारेच्या वेटोळ्यातून वाहणारी वीजही असाच दणका देते. ते वेटोळे म्हणजे गाडीची कॉइल. बॅटरी असते बारा व्होल्टची. बारा व्होल्टने हवेत ठिणगी उडत नाही, मग पेट्रोल पेटणार कसे? म्हणून कॉइलमधून वीज वाहू द्यायची आणि ऐन वेळी तिचा मार्ग तोडायचा. त्या दणक्याने कॉइलच्या दुसऱ्या, हजारो फेऱ्यांच्या बारीक वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उभा राहतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. याच्या मुळाशी असलेला नियम फॅरेडेने १८३१ साली शोधला. तो मोटारीत अशा रीतीने बसवण्याची युक्ती अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगची. १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीत ती आली आणि पुढे साठ वर्षे साऱ्या जगाच्या मोटारी त्याच युक्तीवर धावल्या.

विजेचा हा मार्ग तोडायचे आणि जोडायचे काम करणारी दोन इवलीशी टोके म्हणजे पॉइंट. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. फट उघडताना वीज तिथेच ठिणगी पाडून वाया जाऊ नये म्हणून शेजारी कंडेन्सर नावाची डबी असते. ती तो लोंढा क्षणभर पोटात घेते.

चार सिलिंडरच्या इंजिनाला दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. इंजिन मिनिटाला ४८०० फेरे मारत असेल तर ठिणग्या होतात ९६००, म्हणजे सेकंदाला १६०. दिवाळीतली लवंगीची माळ तडतडते ना, तिच्याहूनही कितीतरी वेगाने ही दोन टोके उघडमिट करतात. त्यात ती जळतात आणि खड्डे पडून खरबरीत होतात. पॉइंटला उघडणारी टाचही झिजते. टाच झिजली की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते आणि गाडी मंदावते. पण हे इतके हळूहळू होते की मालकाला वाटते, चढच जास्त असावा.

आमचा पराक्रम

इथवरचा दोष कालमानाचा. यापुढचा दोष सर्वस्वी माझा.

मी त्या वेळी तेवीस वर्षांचा होतो. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानतळावर मोटारींच्या शर्यती होत. त्यांचे फोटो मासिकांतून यायचे. आपल्यासारखीच फियाट, पण बंपर काढलेली, दारावर नंबर रंगवलेली! ते पाहून माझे डोके फिरले. १९८१ साली आबा पंधरा दिवस पेणला, आईच्या माहेरी गेले असताना मी गाडी परळच्या एका गॅरेजात नेली. इंजिनाचे हेड घासून घेतले आणि एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवले. हेड घासले की सिलिंडरमधली जागा कमी होते, पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जाते आणि ताकद वाढते. गाडी खरोखरच सुटली. मरीन ड्राइव्हवर मी राजा झालो.

आबा परत आले, गाडीत बसले, चौपाटीपर्यंत जाऊन आले आणि माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, “तू हिचं ब्लडप्रेशर वाढवून ठेवलंस.”

निदान अचूक होते. दाब वाढला की त्या दाटलेल्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्ट लागतात. इंजिन जोरात फिरू लागले की कॉइलला भरायला वेळही कमी मिळतो. पुन्हा नळाचेच उदाहरण घ्या. रांगेतली मंडळी घाई करू लागली की कळशी अर्धी भरली न भरली तोच ओढून काढावी लागते. तशा अर्ध्या कळशीवर माझे वाढलेल्या दाबाचे इंजिन चालणार होते. वेग वाढवला की गाडी मिसिंग करू लागली. दोन कार्ब्युरेटर पेट्रोल फार पितात म्हणून वर्षभरात निघाले. पण घासलेले हेड काही केसांसारखे परत वाढत नाही. पुढची तीस वर्षे आबा दर रविवारी पॉइंट घासून माझ्या त्या पंधरा दिवसांचे व्याज फेडत राहिले.

मिस्त्री

या कामात आबांचा जोडीदार म्हणजे लालबागचे मिस्त्री. मूळचे ते गिरणीतले फिटर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरची चूल थंडावली. मिस्त्रींनी वर्षभर वाट पाहिली आणि मग गल्लीच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड घेऊन मोटारी दुरुस्त करायला सुरुवात केली. आबा त्यांचे पहिल्या काही गिऱ्हाइकांतले. त्यांच्या मुलांची आजारपणे आबांनी पाहिली, आमच्या गाडीची त्यांनी. पैशाचा हिशेब दोघांनीही कधी ठेवला नाही.

मिस्त्रींचे सांगणे गिरणीच्या भाषेत असे. “भाऊ, मागावरचा धोटा वेळेवर पल्याड पोचला पाहिजे. घटकाभर आधी गेला तरी सूत तुटतं, नंतर गेला तरी तुटतं. ठिणगीचं तसंच आहे.” ठिणगीचे टायमिंग याहून सोप्या शब्दांत मला कोणी समजावले नाही. त्यांची खरी कमाई काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर होती. प्रीमियर पद्मिनी तयार होणे २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. मिस्त्रींच्या शेडसमोरची रांगही तिच्याबरोबर संपली.

आबा २०११ साली गेले. गाडी राहिली. मी निवृत्त झालो, आम्ही दादरला राहायला आलो, आणि गाडी महिन्यातून एकदा शिवाजी पार्कला चक्कर मारून यायची. “ही आता भंगारात तरी घाला, नाहीतर हिला नैवेद्य तरी दाखवा,” असे सौभाग्यवती म्हणत.

आईची मागणी

२०२४ च्या गणपतीत आईने एकदम विषय काढला. आई तेव्हा शहाऐंशी वर्षांची. पेणचे मामा तिच्याहून चार वर्षांनी मोठे. दर भाऊबीजेला ते मुंबईला येत. पण त्या वर्षी अंथरुणाला खिळले होते. आई म्हणाली, “यंदा मीच जाते ओवाळायला. आणि ह्यांच्याच गाडीतून जाईन. त्या नव्या पुलावरून.”

नवा पूल म्हणजे शिवडीहून निघणारा अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला तो सुरू झाला. लांबी जवळजवळ बावीस किलोमीटर, त्यातले साडेसोळा भर समुद्रावर. आई लग्न होऊन आली ती धरमतरच्या लाँचमधून, भाऊच्या धक्क्याला उतरून. तीच खाडी आता तिला नवऱ्याच्या गाडीतून ओलांडायची होती.

माझ्या पोटात गोळा आला. सेतूवर गाडी थांबवायला बंदी. मागून ताशी शंभरने गाड्या येतात. आणि आमची गाडी सत्तरच्या पुढे काटा गेला की खोकायला लागते! भाड्याच्या गाडीचे नाव काढताच आईने जपमाळ हातात घेतली. म्हणजे चर्चा संपली.

मुलीने उपाय सुचवला. “बाबा, पॉइंट काढून टाका. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा.” ही गोष्ट तशी नवी नव्हे. परदेशात ती १९६० नंतरच्या दशकात आली; खुद्द इटलीच्या फियाट कंपनीने १९६८ च्या सुमारास आपल्या ‘डिनो’ गाडीत ती दिली होती. तिच्यात पॉइंटच्या जागी एक लहानसा संवेदक बसतो आणि रोटरखाली चार चुंबके असलेली एक कडी. चुंबक समोरून गेले की संवेदक इशारा देतो आणि ट्रान्झिस्टर विजेचा मार्ग तोडतो. काहीही एकमेकांना टेकत नाही, म्हणून काही झिजत नाही. टेकतच नाही तर उसळणार कुठून? शिवाय पॉइंट जळतील या भीतीने कॉइलमधून मोजूनमापून वीज सोडावी लागे. आता कमी रोधाची, जास्त वीज घेणारी कॉइल लावता येते. म्हणजे नळाचा पाइपच जाड झाला. घाईतही कळशी भरते.

संच घरपोच आला. मिस्त्रींना विचारायचे मी टाळले. ज्या माणसाने चाळीस वर्षे पॉइंटवर पोट भरले, त्याला “तुमचे पॉइंट नकोत” असे कोणत्या तोंडाने सांगायचे? मुलीने आणि मी दोन तासांत संच बसवला. लाल तार कॉइलच्या धन टोकाला, काळी ऋण टोकाला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. दोघेही टाळ्या पिटत पूर्व द्रुतगती मार्गावर गेलो. साठ, पासष्ट, सत्तर... आणि गाडी पहिल्यापेक्षाही जास्त आचके देऊ लागली.

भाऊबीज दहा दिवसांवर आली होती. मी मान खाली घालून लालबागला गेलो.

मिस्त्रींनी बॉनेट उघडले, आतली नवी कडी पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पॉइंट काढलेत ते चांगलं की वाईट, ते मागनं बघू. आधी सांगा, बाई आजारी कशानं आहे ते तपासलंत का? की नुसतं नवं औषध पाजलंत?”

डॉक्टरच्या मुलाला याहून मोठी चपराक नाही.

मिस्त्रींनी संध्याकाळ होऊ दिली. शेडमधला दिवा मालवला, इंजिन चालू केले आणि ते हाताने रेटत म्हणाले, “आता टोपीकडं बघा.” काळोखात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर केसाएवढी निळी रेघ सळसळत होती. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या टोपीला बारीक तडा होता, आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथून पळून जात होती. जुन्या कॉइलच्या वेळी ती अधूनमधून पळे. मी व्होल्ट वाढवल्यावर तिला ती वाट जास्तच सोपी झाली. मोरीची गळती तशीच ठेवून वरच्या टाकीचा दाब वाढवावा, तसला माझा शहाणपणा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. टोपी, रोटर, प्लगच्या तारा, सगळे नवे घेतले. तारा मी साध्या तांब्याच्या उचलल्या होत्या. मिस्त्रींनी दुकानदाराकडून माहिती काढून घेतली आणि त्या परत ठेवायला लावल्या. साध्या तारांतून उठणारा विजेचा कल्लोळ नव्या संवेदकाला गोंधळात टाकतो, त्याला रोध असलेल्याच तारा हव्यात. एवढे ते मला न रागावता सांगत होते, तेव्हा मीच विचारले, “मिस्त्री, तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं,” ते म्हणाले. “पण ते मला न विचारल्याचं. पॉइंट गेल्याचं नाही. गिरणीत नवा माग आला तेव्हा आम्ही तोही शिकलोच होतो. शिकू दिलं असतं तर पुढचाही शिकलो असतो.”

त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली, गाडीला एकही नवे भोक पाडायचे नाही. उद्या कोणाला ती पूर्वीसारखी करावीशी वाटली तर तासाभरात करता आली पाहिजे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदण्यासाठी २०२१ साली केंद्र सरकारने नियम केले, त्यांतही गाडी मूळ रूपात असण्यावरच भर आहे. दुसरी अट, जुने पॉइंट, कंडेन्सर आणि जुनी कॉइल डिकीत ठेवायची. “पॉइंट म्हातारे होतात ते खोकून, कण्हून, सांगून. डब्बी जाते ती एका झटक्यात. आणि नवी कॉइल जुन्या पॉइंटला लावू नका, जाळून टाकील. जुन्याला जुनीच लावायची.” मग टायमिंगचा दिवा लावून त्यांनी खूण जुळवली, प्लगची फट जरा वाढवली आणि बॉनेट लावले.

सेतूवर

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज. सकाळी सहाला निघालो. पुढे आई, मांडीवर ओवाळणीचे तबक; मागे सौ. आणि मुलगी. शिवडीला चढ चढून सेतूवर आलो तेव्हा उजाडत होते. मी काट्याकडे पाहत होतो. साठ. सत्तर. माझे कान इंजिनात, हाताला घाम. पंचाहत्तर. ऐंशी. आवाज सलग होता, शिलाईयंत्र चालावे तसा. मला कळले की मी मघापासून श्वासच घेतला नव्हता.

आई समुद्राकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “लाँचला किती वेळ लागायचा. मी सगळ्या वाटेत रडत आले होते.” थोडे थांबून म्हणाली, “हे बोटीत शेजारी बसून घड्याळ बघत होते. दवाखाना उघडायचा होता ना.”

चिर्ल्याला उतरलो, गोवा रस्त्याला लागलो, खारपाड्याची खाडी ओलांडली आणि नऊच्या आधी पेणला पोचलो. मामांना उशा लावून बसवले होते. गाडीचा आवाज त्यांनी ओळखला. “डॉक्टरांची गाडी?” एवढेच त्यांनी विचारले. आईने ओवाळले. तबकातले निरांजन तिच्या हातात थरथरत होते, पण विझले नाही.

पुढच्या भाऊबीजेपर्यंत मामा थांबले नाहीत. फेब्रुवारीत गेले.

ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी गाडी असेल त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: नवी वस्तू जरूर बसवा, पण आधी जुने दुखणे कुठे आहे ते पाहा, आणि ते पाहणारा माणस जवळ असेल तर पहिल्यांदा त्याच्याकडे जा. आता दर महिन्याला माझी मुलगी लालबागच्या शेडमध्ये जाऊन बसते. मिस्त्री तिला कानाने इंजिन ऐकायला शिकवतात आणि ती त्यांना ट्रान्झिस्टर समजावते.

आबांचा तो पॉइंटचा कोरा जोड सुयांच्या चपट्या डबीत घालून मी डिकीत ठेवला आहे. अजून त्याची गरज पडलेली नाही. तरी रविवारी चहा झाला की मी डबी उघडतो, जोड जागेवर आहे ना ते बघतो आणि झाकण लावतो.